शरीर शुद्ध करायचंय? आधी हळदीचा डबा बघा!

भिशी असो, हळदीकुंकू असो की शाळेच्या फाटकाबाहेर पोरांची वाट बघत उभं राहणं असो, हल्ली एक विषय हमखास निघतो. ‘डिटॉक्स’! कुणी सकाळी रिकाम्या पोटी दुधीचा रस घेतं, कुणी काकडी-पुदिन्याचं पाणी बाटलीत भरून ठेवतं. कुणी टीव्हीवर बघून महागड्या चहाची पाकिटं मागवतं, तर कुणी रात्री तळपायाला पट्ट्या चिकटवून झोपतं आणि सकाळी त्या काळ्या पडल्या की म्हणतं, ‘बघ, किती विष निघालं!’

आपल्या शरीरात विषारी पदार्थ जातात, ही काळजी काही खोटी नाही. पण कुठलं विष, ते येतं कुठून आणि जातं कसं, हे विचारायचं मात्र राहून जातं. म्हणून मैत्रिणींनो, आज एकाच विषाची नीट ओळख करून घेऊ या. त्याचं नाव शिसं. पारा, आर्सेनिक, कॅडमियम ही त्याची भावंडं. या सगळ्यांना मिळून ‘जड धातू’ म्हणतात. पण घरात, स्वयंपाकघरात आणि लेकरांच्या हाताशी सगळ्यात सहज पोचतं ते शिसंच.

गुपचूप येणारा पाहुणा

शिशाला ना वास, ना चव. ते पोटात गेलं तर लगेच उलटी होत नाही की ताप येत नाही. शरीराला त्याचा काडीचाही उपयोग नाही. पण त्याची चाल मोठी लबाड आहे. आपलं शरीर त्याला कॅल्शियम समजतं! त्यामुळे जिथे कॅल्शियम जायचं तिथे ते जाऊन बसतं. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्मं होतं, पण हाडांत जाऊन बसलेलं शिसं वर्षानुवर्षं, अगदी दशकानुदशकं तिथेच राहतं.

आणि इथेच आपला, म्हणजे बायकांचा संबंध येतो. बाई गरोदर राहिली की बाळाची हाडं घडवायला आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं. त्याच्यासोबत लहानपणापासून साठलेलं शिसंही बाहेर पडतं आणि नाळेतून थेट बाळापर्यंत पोचतं. म्हणजे आई आठ वर्षांची असताना तिच्या पोटात गेलेलं शिसं पंचवीस वर्षांनी तिच्या बाळाला भेटू शकतं. वाचून अंगावर काटा येतो ना?

लहान मुलांना तर त्याचा धोका फारच. मोठ्या माणसाच्या पोटात जितकं शिसं मुरतं, त्याच्या चार ते पाच पट मुलांच्या पोटात मुरतं. शिवाय मुलं जमिनीवर रांगतात, बोटं तोंडात घालतात, खेळणी चावतात. वाढत्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो. बुद्धीची वाढ कमी होते, लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते. ‘आमचा बंड्या अभ्यासात मागेच आहे हो,’ असं म्हणून आपण त्याला रागावतो. दर वेळी कारण शिसंच असतं असं मुळीच नाही, पण ते एक कारण असू शकतं हे आपल्या ध्यानीमनीही नसतं.

युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थेने २०२० मध्ये मिळून एक अहवाल दिला. त्याच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे दर तिघांतल्या एकाच्या रक्तात शिशाचं प्रमाण काळजी करावी इतकं आहे. त्यात भारतातली मुलं २७ कोटींहून जास्त. जागतिक आरोग्य संघटना तर स्पष्ट सांगते, की ‘इतकं शिसं चालेल’ अशी सुरक्षित पातळीच माहीत नाही.

पिवळ्याधमक हळदीची गोष्ट

आता शेजारच्या बांगलादेशातली एक गोष्ट सांगते. ऐकण्यासारखी आहे.

तिथल्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचं रक्त तपासलं, तर त्यात शिसं सापडलं. गावात ना कारखाना, ना मोटारींची वर्दळ. मग शिसं आलं कुठून? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे आणि ढाक्याच्या एका संशोधन संस्थेचे संशोधक कामाला लागले. भांडी, माती, शेतातली औषधं असं सगळं तपासत ते शेवटी पोचले स्वयंपाकघरातल्या हळदीपाशी!

झालं होतं असं. १९८० च्या दशकात तिथे मोठे पूर आले. ओली राहिलेली हळकुंडं काळपट पडली. काळपट हळद घेणार कोण? मग व्यापाऱ्यांनी हळकुंडं चकचकीत करताना त्यावर एक पिवळा रंग चोळायला सुरुवात केली. तो होता लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचाच एक क्षार. हा रंग खरं तर भिंती-लोखंडाच्या रंगकामाचा! पुढे पूर ओसरले, पण सवय राहिली. गिऱ्हाइकाला पिवळीधमक हळद लागते म्हणून व्यापारी रंग लावत राहिले, आणि रंगवलेलीच हळद बघून बघून गिऱ्हाइकाला तीच खरी वाटायला लागली.

२०१९ मध्ये हे सगळं उजेडात आलं आणि तिथल्या अन्नसुरक्षा खात्याने कंबर कसली. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, बाजारांत सूचना लागल्या, ढाक्याच्या घाऊक बाजारात छापे पडले, दंड झाले. बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांपैकी २०१९ मध्ये ४७ टक्क्यांत शिशाची भेसळ होती. २०२१ मध्ये ती शून्यावर आली. हळदीच्या गिरणीत काम करणाऱ्यांच्या रक्तातलं शिसंही उतरलं. दोन वर्षांत! यासाठी कुणाला कसला काढा प्यावा लागला नाही. विष जिथून येत होतं ते दार बंद केलं, इतकंच.

आपल्याकडे काय? याच संशोधकांनी भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या २३ शहरांतून हळदीचे ३५६ नमुने गोळा केले. २०२४ मध्ये निष्कर्ष छापून आले. त्यातल्या १४ टक्के नमुन्यांत शिसं नको इतकं निघालं. आपल्या नियमाप्रमाणे एक ग्रॅम हळदीत १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं असता कामा नये. पाटण्याच्या काही नमुन्यांत ते १,००० च्याही वर होतं.

याचा अर्थ हळद खायची सोडा असा नाही बरं का! सांगलीची, वायगावची, वसमतची हळद म्हणजे आपलं भूषण. तिन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दोष हळदीचा नाहीच, दोष तिच्यावर चढवलेल्या रंगाचा आहे. तेव्हा उन्हाळ्यात वर्षाची हळद घ्याल तेव्हा एवढं करा:

• हळकुंडं घ्या आणि ओळखीच्या गिरणीत समोर दळून आणा. सुटी, उघड्यावरची पूड टाळा.

• फार चकचकीत, एकसारखी पिवळीजर्द हळकुंडं बघून भुलू नका. खरी हळद थोडी मळकट, खरबरीतच दिसते.

• काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात एक अख्खं हळकुंड टाका. चांगलं हळकुंड लगेच रंग सोडत नाही. पाण्यात पडल्या पडल्या भडक पिवळा रंग सुटला तर ते बाजूला ठेवा. ही घरगुती चाचणी म्हणजे नुसता इशारा. खरा निकाल प्रयोगशाळाच देते. शंका आली तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार करता येते.

• पाकीटबंद हळद घेतली तर त्यावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आहे ना, ते बघा.

घरात आणखी कुठे कुठे?

शेंदूर: आपल्या भाषेत कुंकू वेगळं आणि शेंदूर वेगळा. हा फरक मोठा शहाणपणाचा आहे. पारंपरिक कुंकू हळदीपासून होतं. शेंदूर मात्र शिशाचाच, केशरी रंगाचा क्षार. शेंदूर खायला घालून गवयाचा आवाज घालवल्याच्या कथा आपण ऐकल्याच असतील. खऱ्या-खोट्या कुणास ठाऊक, पण शेंदूर पोटात जाऊ नये हे जुन्या माणसांना माहीत होतं, एवढं नक्की. मारुतीला शेंदूर जरूर वाहा, पण त्याच बोटांनी लेकराला प्रसाद भरवू नका. हात धुवा. घरातली शेंदराची डबी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

सुरमा: काळा सुरमा पुष्कळदा ज्या दगडापासून करतात, तो शिशाचाच दगड असतो. बाळाच्या डोळ्यात तो अजिबात नको. घरी दिव्यावर धरलेल्या काजळीत शिसं नसतं हे खरं, पण बोटाने डोळ्यात काजळ घातलं की जंतू जातात, म्हणून डॉक्टर तेही नको म्हणतात. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा!

रंग: घरात वापरायच्या रंगात शिसं किती असावं याचा कायदा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. मर्यादा आहे १० लाख भागांत ९० भाग. त्याआधीचे रंग मात्र जुन्या दारं-खिडक्यांवर, पाळण्यांवर अजून आहेत. दिवाळीआधी ते कोरडे खरवडले की धूळ घरभर होते. खरवडायचं असेल तर ओलं करून खरवडा. पोरांना आणि गरोदर सुनेला तेवढे दिवस दुसऱ्या खोलीत ठेवा. पोपडे लगेच गोळा करून टाका.

खेळणी: १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला आहे. जत्रेतलं भडक रंगाचं, पोपडे उडणारं खेळणं दात येणाऱ्या बाळाच्या हाती देऊ नका.

भांडी: पितळेच्या भांड्याला कल्हई लागते ती कथलाची. कथील महाग, शिसं स्वस्त. त्यामुळे कथलात शिसं मिसळण्याचा मोह होतो. ओळखीच्या कल्हईवाल्याकडूनच कल्हई करून घ्या. आणि भंगार वितळवून ओतलेल्या, कुठलाही छाप नसलेल्या स्वस्त ॲल्युमिनियमच्या भांड्यात चिंच-टोमॅटोचं आंबट कालवण शिजवू किंवा साठवू नका.

बॅटरी: गाडीच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत किलोंनी शिसं असतं. जुनी बॅटरी भंगारवाल्याला विकून चार पैसे जास्त मिळतात, पण ती कुठे तरी उघड्यावर फोडली-वितळवली की धूर आणि माती दोन्ही विषारी होतात. नवी घेताना जुनी दुकानदारालाच परत द्या. घरातलं कुणी बॅटरीच्या, भंगाराच्या किंवा रंगाच्या कामावर जात असेल, तर त्यांना म्हणावं, ‘आधी हातपाय धुवा, कपडे बदला, मग पिंट्याला उचला.’ ते कपडे बाळाच्या कपड्यांत भिजवू नका.

आणि हो, धूळ झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. शिसं धुळीतच जास्त असतं. केरसुणीने ते उडतं आणि पुन्हा खाली बसतं, पुसल्यावर ते निघून जातं.

शरीराची आपली सफाई-यंत्रणा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकदा आत गेलेलं विष बाहेर काढायला शरीराजवळ काही आहे का? आहे तर! यकृत आणि मूत्रपिंडं ही आपली दोन हक्काची सफाई खाती. रविवारची सुटी न घेता रात्रंदिवस चालणारी. रक्तातलं शिसं मुख्यतः लघवीवाटे आणि काही पित्तातून शौचावाटे बाहेर जातं. घामावाटे जातं ते अगदी नगण्य. त्यामुळे ‘घाम गाळा, विष टाळा’ हे ऐकायला छान, पण शिशाला लागू नाही. हाडांत बसलेलं शिसं तर कुठल्याच रसाने धुऊन निघत नाही.

मग आपल्या हातात काय आहे? फार महत्त्वाची गोष्ट आहे. शिसं आत मुरूच द्यायचं नाही!

शिसं आतड्यातून आत शिरताना कॅल्शियम आणि लोहाच्या दाराने शिरतं. ताटात कॅल्शियम आणि लोह भरपूर असेल, तर त्या दारात गर्दी होते आणि शिशाला आत यायला कमी जागा मिळते. ज्या बाईच्या किंवा मुलाच्या अंगात रक्त कमी, तिथे मात्र हे दार सताड उघडं! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तर दर तिघांतल्या दोघांच्या. तेव्हा खरा ‘डिटॉक्स’ आपल्या ताटातच आहे:

• कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी किंवा आंबील, दूध, दही, ताक, तीळ.

• लोहासाठी पालेभाज्या, मटकी, हरभरा, हळिवाचे लाडू. चालत असेल त्यांनी मांस-मासे.

• लोह अंगी लागावं म्हणून वरून लिंबू, सोबत आवळा किंवा पेरू. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो.

• पोरांना उपाशीपोटी शाळेत धाडू नका. रिकाम्या पोटी शिसं जास्त मुरतं.

• दिवस गेलेल्या मुलींनी आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या डब्यात जपून न ठेवता खाव्यात! दोन्ही एकाच वेळी मात्र घेऊ नका, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

औषधच विष होतं तेव्हा

दुर्दैव असं, की शुद्धीच्या नावाखाली घेतलेल्या काही गोष्टीच अपाय करतात. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी २०११ मध्ये सांगितलं, की रस कडू लागला तर तो अजिबात पिऊ नये. पायाच्या पट्ट्यांचं म्हणाल, तर त्यातल्या भुकटीला ओल लागली की ती काळी पडते. वाफेवर धरली तरी पडेल!

भस्मांबाबत जास्त जपायला हवं. आपल्या जुन्या रसशास्त्रात शिशाला ‘नाग’ म्हणतात, म्हणजे नागभस्म हे शिशाचंच. पाऱ्याचीही औषधं आहेत. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात दक्षिण आशियातून आलेली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. त्यानंतर भारत सरकारने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींना जड धातूंची तपासणी सक्तीची केली. आयुर्वेदाला नावं ठेवण्याचा इथे हेतू नाही. पण बाजारात, जत्रेत किंवा फोनवर मागवून मिळणारी, घटक न लिहिलेली पुडी घेऊ नका. नोंदणीकृत वैद्यांनाही ‘यात भस्म आहे का?’ असं विचारा. गरोदरपणी आणि बाळाला पाजत असताना तर नक्कीच.

शिसं बांधून बाहेर काढणारी औषधं डॉक्टरांकडे आहेत. पण ती रक्तातलं प्रमाण खूप वाढलेलं असतानाच, दवाखान्यात, देखरेखीखाली द्यायची. चुकीचं औषध दिलं तर शिशाबरोबर रक्तातलं कॅल्शियमही खेचलं जातं. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात अशाने तिघांचा जीव गेला, त्यात दोन मुलं होती. तेव्हा ‘सलाईन लावून शरीर शुद्ध करतो’ म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार!

डॉक्टरांना कधी विचारायचं?

गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही. पोट सारखं दुखतं, बद्धकोष्ठ आहे. मूल फार चिडचिडं झालंय, बोलायला-शिकायला मागे पडतंय. ते माती किंवा भिंतीचे पोपडे खातं. घरात कुणी बॅटरी-भंगाराच्या कामावर आहे. यातलं काही असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, ‘रक्तातलं शिसं तपासायचं का?’ साधी रक्ताची तपासणी असते. गावात होत नसेल तर नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो. प्रमाण जास्त निघालं तरी घाबरून जाऊ नका. पहिला उपाय एकच, ते कुठून येतंय ते शोधून थांबवणं.

आणि थांबवता येतं, हे आपल्या मुंबईने पाहिलं आहे. पूर्वी पेट्रोलमध्येच शिसं असायचं. १९९७ मध्ये मुंबईत तपासलेल्या मुलांपैकी जवळजवळ ६२ टक्के मुलांच्या रक्तात ते त्या वेळच्या मर्यादेपेक्षा जास्त होतं. २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं आणि २००२ च्या पाहणीत हा आकडा ३३ टक्क्यांवर उतरला. मुलं तीच मुंबईची, हवा तेवढी बदललेली!

पेट्रोलचं काम सरकारने केलं. हळदीच्या डब्याचं, शेंदराच्या डबीचं आणि ताटातल्या नाचणीच्या भाकरीचं काम मात्र आपल्यालाच करायचं आहे. या वर्षीची हळद घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला सांगा, ‘भाऊ, पिवळीधमक नको, साधी द्या.’ चार जणींनी असं मागायला सुरुवात केली, की तोही रंगवलेला माल आणायचं बंद करेल.